श्वासाने मन शांत करताना : वऱ्हाड आणि झाडीपट्टीतून येणारे नेहमीचे प्रश्न

यवतमाळ-वर्ध्याकडच्या कापूसपट्ट्यातून आणि तिकडे भंडारा-गडचिरोलीच्या झाडीपट्टीतून प्राणायामाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शक्य तिथे विचारणाऱ्याचेच शब्द ठेवले. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. दुसऱ्या उत्तराची गरज असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. बीपी, हृदयविकार, शुगर, दमा किंवा सिकलसेल असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी सुरुवात करण्याआधी प्रश्न १८ ते २१ वाचावेत.

१. प्राणायाम म्हणजे छाती भरून श्वास घेणं ना?

मन शांत करायचं असेल तेव्हा तरी नाही. श्वासाची गती, लांबी आणि लय आपणहून ठरवणं म्हणजे प्राणायाम. श्वास घेणं म्हणजे पूरक, रोखणं म्हणजे कुंभक आणि सोडणं म्हणजे रेचक. शिबिरात बसलेल्या बहुतेकांचं सगळं लक्ष पूरकावर असतं. छाती फुगते, खांदे वर जातात, चेहरा ताणला जातो. शांत होण्याचं काम मात्र रेचकात होतं. सावकाश, लांब आणि जोर न लावता श्वास सोडायला शिकणं, हेच मला पुढच्या सगळ्या उत्तरांतून सांगायचं आहे.

२. श्वासानं मन कसं काय शांत होते? नाकाचा अन् डोक्याचा संबंध काय?

हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, घाम यांवर आपली मर्जी चालत नाही. श्वास आपोआपही चालतो आणि मनात आणलं तर आपल्या ताब्यातही येतो. म्हणून शरीराच्या आपोआप चालणाऱ्या कारभारापर्यंत पोचायची ती सोपी वाट आहे. मेंदूतून निघून हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस असते. श्वास सोडताना तिचा प्रभाव वाढतो आणि ठोके किंचित मंदावतात. घेताना किंचित वाढतात. मनगटाची नाडी धरून स्वतःच पाहा. तरुण माणसाला हा फरक बोटाखाली कळतो, वय वाढलं की तो पुसट होत जातो.

मोठं माणूस निवांत बसलेलं असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतं. ताणात हा आकडा वाढतो आणि श्वास वरच्या छातीतच घुटमळतो. सरावाने तो मिनिटाला ६ च्या आसपास आणला की श्वास, ठोके आणि रक्तदाब यांची लय जुळायला लागते.

‘प्राणायामाने रक्तातला ऑक्सिजन वाढतो’ असं सर्रास सांगितलं जातं. निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजनचं प्रमाण आधीच ९५ टक्क्यांच्या वर असतं. कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरात पडून असेल तर बोटाला लावून बघा. तिथे भर घालायला जागाच फारशी उरलेली नसते. शांत वाटतं ते मज्जासंस्थेची धावपळ कमी झाल्यामुळे.

३. अगदी पहिल्या दिवशी काय करायचं ते सोपं करून सांगा.

लांब श्वास सोडण्याचा सराव. महिनाभर एवढं एकच केलं तरी पुरे.

ओट्यावर, खुर्चीवर, भिंतीला टेकून, कुठेही पाठ सरळ ठेवून बसा. झोळ पडलेल्या बाजेवर नको, तिच्यात कंबर वाकते. पट्टा किंवा नाडी सैल करा. एक हात बेंबीच्या जरा वर ठेवा. नाकाने श्वास घेताना मनात तीनपर्यंत मोजा. पोटावरचा हात पुढे आला पाहिजे, खांदे जागचे हलायला नकोत. मग नाकानेच सोडताना सहापर्यंत मोजा. सहा जमत नसेल तर चार किंवा पाच. शेवटी पोट पिळून हवा बाहेर काढू नका आणि मध्ये कुठे थांबू नका. पाच मिनिटं झाली की मोजणं सोडून द्या, श्वास त्याच्या चालीने चालू द्या आणि मग उठा.

पुढचा श्वास हपापल्यासारखा घ्यावा लागला तर समजा की मोजणी तुमच्यासाठी लांब झाली. एक आकडा कमी करा. ही खूण पुढच्या सगळ्या प्रकारांनाही लागू आहे.

४. अनुलोम-विलोम कोणत्या नाकपुडीपासून सुरू करायचं? किती वेळा?

डावीपासून. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळहाताकडे दुमडा. अंगठ्याने उजवी नाकपुडी मिटून डावीने श्वास घ्या. अनामिकेने डावी मिटा, अंगठा उचला, उजवीने सोडा. मग उजवीनेच घ्या आणि डावीने सोडा. हे एक आवर्तन झालं. सुरुवातीला ५, जमू लागलं की १० आवर्तनं. नाकाचं हाड दाबायचं नाही, फक्त नाकपुडीची मऊ कड हलकेच मिटायची. हात भरून आला तर दुसऱ्या हाताचा कोपराला आधार द्या.

बऱ्याचदा एक नाकपुडी मोकळी आणि दुसरी जड लागते, आणि काही तासांनी बाजू बदलते. हे नैसर्गिक आहे. एक बाजू कायमच बंद असेल तर प्रश्न १९ पाहा. काही शिक्षक या प्रकारात मध्ये श्वास रोखायला लावतात; त्याबद्दल प्रश्न १४ मध्ये लिहिलं आहे.

५. भ्रामरी करताना घरचे हसतात. ती खरंच कामाची आहे का?

फार कामाची आहे, आणि माझ्या मते नवख्या माणसाला सगळ्यांत लवकर जमणारी. गुणगुणायला लागलं की श्वास आपोआपच हळू सुटतो, मोजावं लागत नाही. ओठ मिटलेले, आत दात किंचित विलग. अंगठ्यांनी कानासमोरची छोटी पाळी हलकेच दाबून कान बंद करा, नाकाने श्वास घ्या आणि सोडताना भुंग्यासारखा ‘म्म्म’ असा बारीक सूर धरा. सूर थरथरायला लागायच्या आधीच थांबा. असं ५ ते ७ वेळा. कान वाहत किंवा ठणकत असेल तर कान न दाबता करा. गुणगुणताना नाकाच्या पोकळ्यांमधून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू एरवीपेक्षा कितीतरी जास्त बाहेर येतो, हेही मोजून पाहिलेलं आहे.

भजनी मंडळात बसणाऱ्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. मोझरीच्या गुरुकुंजापासून लहान लहान खेड्यांपर्यंत संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. लांब ओळ एका दमात म्हणताना रेचक लांबतोच. घरच्यांना हसू येत असेल तर लहान पोरांना शेजारी बसवा. त्यांना भुंग्याचा आवाज आवडतो, आणि चार दिवसांत सगळं घर सरावतं.

६. टीव्हीवर पाहून रोज कपालभाती करतो, पण शांत तर वाटत नाही, उलट अंग गरम होते. कायले?

कारण कपालभातीचं कामच वेगळं आहे. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात ती षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत, मोजली आहे. तिथल्या आठ कुंभकांच्या, म्हणजे प्राणायामाच्या प्रकारांच्या, यादीत ती नाही. पोटाच्या झटक्यांनी शरीर जागं होतं, ठोके वाढतात. सकाळी आळस घालवायला हरकत नाही. आधीच जीव घाबरा झालेल्या माणसाने, किंवा झोप यावी म्हणून रात्री, ती करू नये. भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोराचा श्वास, हीसुद्धा अशा वेळी नको.

बीपी, हृदयविकार, हर्निया, फिट येणं, काचबिंदू, पोटाचं नुकतंच झालेलं ऑपरेशन आणि गरोदरपण यांत कपालभाती टाळा. शिबिरांमध्ये झटक्यांच्या आकड्यांची चढाओढ लागते, ती मला अजिबात पटत नाही.

७. उन्हाळ्यात शीतली केली तर ऊन लागत नाही म्हणतात. खरं आहे का?

नाही, आणि हा समज जिवावर बेतू शकतो. शीतलीत जिभेची नळी करून ती ओठांबाहेर काढतात, तिच्यातून हवा आत ओढतात आणि नाकाने सोडतात. ओल्या जिभेवरून हवा गेल्याने तोंडाला गारवा लागतो, श्वास मंदावतो, बरं वाटतं. शरीराचं तापमान उतरवायची ताकद तिच्यात नाही. चंद्रपूर, अकोला, नागपूर इकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी अंग भट्टीगत तापलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा झापड आली, तर तो उष्माघात आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

जिभेची नळी सगळ्यांना करता येत नाही. त्यांनी सीत्कारी करावी: दात जुळवून फटींमधून हवा आत घ्यावी. तोंडाने घेतलेली हवा नाकातून गाळून येत नाही, म्हणून धुळीत, धुरात, थंडीत किंवा खोकला-दमा असताना दोन्ही नकोत.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खाणाऱ्यांसाठी एक सांगतो. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते बघा. जात नसतील किंवा तिखटाने तोंडाची आग होत असेल, तर शीतली बाजूला ठेवा आणि आधी दातांच्या डॉक्टरला तोंड दाखवा. सुपारीमुळे तोंडाचं अस्तर कडक होत जातं, आणि पुढे तिथे कर्करोग होण्याचा धोका असतो.

८. सकाळी चारला उठून चूल, पाणी, डबे, मग वेचणीला जाणं. बाईमाणसानं हे करावं कधी?

पहाटेचाच हट्ट नको. जेवून दोन-अडीच तास झालेले असावेत आणि हवा स्वच्छ असावी, इतक्या दोनच अटी आहेत. चुलीपुढे बसून मुळीच करू नका. धूर खोलवर घेण्यापेक्षा न केलेलं बरं. वेचणीतून आल्यावर हातपाय धुऊन चहा मांडण्याआधीची पाच मिनिटं बऱ्याच जणींना सोयीची पडतात. वावरात दुपारची भाकर खाण्याआधी, झाडाखाली टेकल्यावरही चालतं. तेवढाही वेळ मिळत नसेल तर दिवसातून पाच-सहा वेळा फक्त तीन-तीन श्वास लांब सोडा: घागर उतरवल्यावर, एसटीची वाट पाहताना, पोराला झोपवताना.

घरातल्या पुरुषांनाही सांगणं आहे. त्या पाच मिनिटांत तिला हाक मारू नका.

९. मांडी घालता येत नाही, गुडघे दुखतेत. चालते का?

चालते. खुर्चीवर बसा, तळपाय जमिनीला टेकवा. पद्मासनाचा शांत होण्याशी काही संबंध नाही.

१०. मोबाइलवर पाहून शिकलं तर होईल, की मास्तरच लागतो?

प्रश्न ३, ४ आणि ५ मधले प्रकार वाचून, पाहून शिकता येतात. कुंभक, बंध (गळा-पोटाचे स्नायू आवळून धरणं) आणि भस्त्रिका समोर माणूस असल्याशिवाय नको, कारण तुमचे खांदे चढले की चेहरा आवळला हे मोबाइल सांगत नाही. विदर्भात शिकवणारी जुनी ठिकाणं आहेत. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. नागपुरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे. गावात शिकवणारा भेटला तर त्याला एकच विचारा: ‘माझा बीपी आहे, मग मी काय करू नये?’ नीट उत्तर न देता ‘सगळं बरं होते’ म्हणाला, तर दुसरा शोधा.

११. आम्ही बौद्ध आहो. ओम् म्हणावंच लागते का? आमचं आनापान अन् हे एकच का?

ओम् म्हणणं सक्तीचं नाही. भ्रामरीत नुसता सूर पुरतो. मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांकडूनही हाच प्रश्न येतो, त्यांनाही हेच उत्तर. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी माळेवर म्हणायची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा बौद्ध मंत्र म्हणताना लोकांचा श्वास मोजला. दोन्ही वेळी तो मिनिटाला ६ च्या आसपास आला. शब्द कोणते, यापेक्षा ते किती लांब आणि संथ म्हटले जातात याला महत्त्व आहे.

आनापान वेगळं आहे. त्यात श्वास जसा आहे तसा नुसता पाहायचा असतो, बदलायचा नसतो. प्राणायामात तो मुद्दाम बदलतात. एकाच बैठकीत दोन्हींची सरमिसळ करू नका. आधी पाच मिनिटं लांब श्वास, मग मोजणी पूर्ण सोडून आनापान, असा क्रम बऱ्याच जणांना मानवतो. विहारात आनापान शिकलेल्यांना प्राणायाम लवकर जमतो, कारण स्थिर बसण्याची सवय आधीच झालेली असते.

१२. किती दिवसांत फरक पडते?

त्या वेळेपुरता निवांतपणा पहिल्याच दिवशी जाणवू शकतो. चिडचिड आणि झोप यांत टिकणारा फरक पडायला काही आठवडे रोज करावं लागतं. रोजची पाच मिनिटं आठवड्यातून एकदा केलेल्या तासाभरापेक्षा जास्त उपयोगी. आणि शांत असताना सराव केला असेल तरच तो भांडणाच्या, घाबरण्याच्या वेळी हाताशी येतो.

१३. मोठमोठे श्वास घेतले की डोकं हलकं होते अन् बोटाइले मुंग्या येतेत. हे चांगलं का वाईट?

चुकीचं चाललं आहे याची ती खूण आहे. ‘शक्ती चढते’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. गरजेपेक्षा जास्त आणि वेगाने श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि त्यातून चक्कर, ओठांना-बोटांना मुंग्या, क्वचित बोटं वाकडी होणं असं घडतं. थांबा, बसून राहा, साधा श्वास चालू द्या, थोड्या वेळात उतरतं. पुढच्या वेळी श्वास लहान घ्या. एकाच बाजूच्या हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा आला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो अर्धांगवायूचा झटका असू शकतो. तेव्हा एक मिनिटही न घालवता दवाखाना.

१४. श्वास किती वेळ रोखून धरावा?

मन शांत करायला रोखण्याची गरजच नाही. कुंभक ही पुढची पायरी आहे, तीही निरोगी माणसासाठी आणि शिक्षकासमोर. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळूच वश होतात तसाच प्राणही, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, असं हठप्रदीपिकेत बजावलं आहे. ताडोबाच्या आसपास राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

विहिरीत, तळ्यात पोहणाऱ्या पोरांना मात्र स्पष्ट सांगा: भराभर मोठे श्वास घेऊन मग पाण्याखाली दम धरायचा खेळ खेळू नका. श्वास घ्यावासा वाटायच्या आधीच शुद्ध हरपते आणि पोरगं बुडतं.

१५. रात्री दोनला जाग येते. कर्ज, बोंडअळी, पोरीचं लग्न, हेच डोक्यात फिरते. तेव्हा काय करू?

कुशीवर वळा, एक हात पोटावर ठेवा आणि प्रश्न ३ मधला श्वास पडल्या पडल्या करा. एक श्वास सोडला की एक, असे वीस श्वास मोजा. मध्ये विचार आला आणि आकडा चुकला तर पुन्हा एकपासून, स्वतःवर न चिडता. शेजारी कोणी झोपलं नसेल तर बारीक आवाजात भ्रामरीही चालते. अर्ध्या तासात झोप लागली नाही तर अंथरुणात कुढत पडू नका. उठून ओसरीवर बसा. सकाळी करायची कामं कागदावर उतरवा: बँकेत कोणाला भेटायचं, विम्याचा अर्ज कुठे अडला, कोणाकडून उसने येणं आहे. डोळे जड झाले की परत जा. मोबाइल उघडू नका. झोपेसाठी दारू घेत असाल तर पहाटेची ही जाग बऱ्याचदा तिच्यामुळेच येते.

कर्ज श्वासाने फिटत नाही आणि कापसाचा भाव वाढत नाही. ‘आमच्या दुःखावर नाक दाबायला सांगता’ असं कोणी रागाने लिहितं, तेव्हा तो राग मला खरा वाटतो. धोरणाच्या प्रश्नाला श्वास हे उत्तर नाही. रात्रभर न झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी सावकाराच्या कागदावर सही करताना तो नीट वाचत नाही, घरातल्यांवर ओरडतो, एकटा पडतो. ते थोडं तरी टळावं म्हणून हा सराव आहे.

मरणाचे विचार येत असतील तर प्राणायामावर थांबू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतून मिळते. घरात कोणी एकाला तरी आजच सांगा. घरच्यांनी त्या माणसाला एकटं सोडू नये आणि फवारणीची औषधं घरातून काढून दुसऱ्याकडे कुलपात ठेवावीत.

१६. जागलीवर असताना किंवा रात्रीच्या लाइनीवर ओलित करताना करावं का?

मचाणावर आणि पंपाजवळ नको. रानडुकरं, साप आणि वीज यांच्यामध्ये असताना डोळे आणि कान उघडे हवेत. ट्रॅक्टर किंवा गाडी चालवतानाही नको. घरी आल्यावर, झोपायच्या आधी करा.

१७. खर्र्याची तलफ श्वासानं जाते का?

जात नाही, पण टळते. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुतेकदा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ लांब श्वास सोडत बसलं, तोंडात बडीशेप टाकली, पानठेल्यासमोरून जाणं टाळलं, तर ती वेळ निघते. कायमचं सोडायला समुपदेशन आणि गरज पडली तर औषध लागतं, आणि ते सरकारी दवाखान्यात मिळू शकतं.

१८. बीपीची अन् शुगरची गोळी बंद करता येईल का?

आपल्या मनाने मुळीच नाही. रोजच्या संथ श्वासाने काही जणांचा बीपी थोडा उतरतो. गोळी कमी करायची की नाही ते मापन पाहून डॉक्टर ठरवतील. लांब श्वास, अनुलोम-विलोम आणि भ्रामरी गोळ्या चालू असताना चालतात. काय टाळायचं ते प्रश्न ६ मध्ये आहे.

इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणाऱ्याला अचानक थरथर, दरदरून घाम, भूक, घाबरल्यासारखं झालं, तर ते टेन्शन समजून डोळे मिटून बसू नका. शुगर उतरलेली असू शकते. आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या, मग जेवा. श्वासाचं नंतर पाहू.

१९. दमा आहे, नाक चोंदलेलं असते, वरून सोयाबीनच्या मळणीची धूळ. मग?

मळणी चालू असताना तोंडा-नाकाला रुमाल बांधा आणि त्या दिवशी सराव घरात, अंघोळीनंतर करा. वणी-घुग्गुसकडे कोळशाची आणि गोंदियाकडे राइस मिलची धूळ असते, तिथेही हेच. नाक बंद असेल तर ओढून अनुलोम-विलोम करू नका. दोन्ही नाकपुड्यांनी प्रश्न ३ मधला सराव करा. महिनोन्‌महिने एकच बाजू बंद राहत असेल तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरला दाखवा.

दम्याच्या माणसाने अंगाला मानवेल तेव्हाच, हलक्या श्वासाने करावं. धाप लागल्यावर आधी दम्याचा पंप (इनहेलर). दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या, क्षयरोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

२०. गरोदर बाईनं करावं का? पाळीत?

लांब श्वास, रोखल्याशिवायचं अनुलोम-विलोम आणि भ्रामरी गरोदरपणात चालतात. कळा सोसताना लांब श्वास सोडण्याची सवय उपयोगी पडते. कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक नको. शेवटच्या महिन्यांत उताणं पडून करू नका, बसून किंवा डाव्या कुशीवर करा. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, पायांवर-चेहऱ्यावर सूज असेल तर श्वासाने ते दाबू नका, आशाताईला लगेच कळवून बीपी मोजून घ्या. पाळीत पोटाचे झटके सोडून बाकी सगळं चालतं.

२१. पोराले सिकलसेल आहे. त्याले शिकवू का नाई?

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागांतून हा प्रश्न नेहमी येतो आणि शिबिरात तो कोणी विचारातच घेत नाही. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार, असलेल्या मुलाला हलका लांब श्वास, अनुलोम-विलोम आणि भ्रामरी शिकवायला हरकत नाही. श्वास रोखणं आणि जोराचे प्रकार त्याला अजिबात नकोत. या आजारात ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. वेदना त्यातूनच उठतात. पाणी भरपूर पाजा, थंडीत उघड्यावर बसवू नका. वेदना उठल्यावर संथ श्वासाने त्या सोसायला थोडी मदत होते, त्याबरोबर डॉक्टरांनी दिलेलं औषध चालूच ठेवा. ताप आला किंवा छातीत दुखून धाप लागली तर थांबू नका, रुग्णालय गाठा. एएस म्हणजे वाहक असलेल्यांना एरवीचा सराव चालतो.

२२. फवारणी करून आल्यावर छाती जड वाटते. प्राणायामानं विष बाहेर निघते का?

निघत नाही. फवारलेल्या वावरात खोल श्वास घेतल्याने उलट जास्त विष आत जातं. घाम, तोंडाला लाळ सुटणं, मळमळ, धूसर दिसणं, बाहुल्या बारीक होणं, छाती दाटून येणं ही विषबाधेची लक्षणं आहेत. कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत घेऊन रुग्णालयात जा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० च्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या आठवणीने तरी घरगुती उपायांत वेळ घालवू नका. अंगात काही त्रास नसेल तर अंघोळ करून, कपडे बदलून, संध्याकाळी नेहमीचा सराव करा.

२३. साप चावल्यावर श्वास रोखला तर विष चढत नाही म्हणते?

खोटं आहे. घाबरलेल्या माणसाला धीर द्यायला, तो पळू नये म्हणून, संथ श्वास घ्यायला सांगा. पण गाडीत, दवाखान्याच्या वाटेवर. मण्यार रात्री झोपेत चावते, खुणा आणि वेदना जवळपास नसतात, आणि काही तासांत पापण्या जड होऊन श्वासाचे स्नायूच ढिले पडतात. अशा माणसाचा श्वास मंद झाला म्हणजे तो शांत झाला असं समजू नका. चिरा, दोरी, मंत्र काही नको, १०८ ला फोन आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय.

२४. छातीत धडधड आणि दाब आला तर टेन्शन आहे की हार्ट, कसं ओळखावं?

घरी खात्रीने ओळखता येत नाही. छातीच्या मधोमध दाब, हातात, पाठीत किंवा जबड्यात कळ, गार घाम, धाप यांपैकी काही असेल तर तो हृदयाचा त्रास धरूनच चाला. शुगर असलेल्यांना आणि बायांना कधी कधी नुसती धाप आणि अशक्तपणाच जाणवतो. ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पिऊन सकाळची वाट पाहू नका. ईसीजी झाला, डॉक्टरने हृदय ठीक सांगितलं आणि तरी असे झटके येत राहिले, तर प्रश्न ३ मधला सराव त्यासाठी उत्तम.

२५. श्वासाकडे लक्ष दिलं की जास्तच भीती वाटते, जीव कोंडतो. माझंच काही चुकते का?

तुमचं काही चुकत नाही. काही माणसांना, विशेषतः घाबरण्याचे झटके येणाऱ्यांना किंवा बुडणं, मारहाण, अपघात असं काही भोगलेल्यांना, आत पाहिलं की भीती वाढते. डोळे उघडे ठेवा. मोजणी सोडा. अंगणात चाला: तीन पावलांत श्वास आत, चार-पाच पावलांत बाहेर, नजर समोरच्या झाडावर. किंवा नुसतं भजन म्हणा, जातं-पाटा-शिवण असं हाताचं काम करा. कान न दाबता केलेली भ्रामरीही बऱ्याच जणांना सोसते. यानेही जीव कोंडत असेल तर श्वासाचा सराव काही काळ पूर्ण बंद ठेवा आणि मानसोपचार डॉक्टरला दाखवा. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते. चिठ्ठी काढताना ‘झोप नाही आणि भीती वाटते’ एवढं सांगितलं तरी योग्य खोलीत पाठवतात.